हुंकार देणारा कागद

ज्ञानेश्वरी नेवाशाला लिहिली गेली, असं आपण सहज बोलून जातो. खरं तर ती नेवाशाला सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असं परंपरा सांगते, तो पैस खांब आजही तिथं उभा आहे. सांगणारे ज्ञानेश्वर, समोर ऐकणारे निवृत्तिनाथ आणि संतसज्जन, आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. सुमारे नऊ हजार ओव्या. ग्रंथ वाचताना जागोजाग जाणवतं, की सांगणारा श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे बघत बोलतो आहे. एक दृष्टान्त पुरला नाही असं वाटलं की तो दुसरा देतो, तिसरा देतो.

आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. समोरच्यानं मधूनमधून ‘हूं’ म्हटलं नाही तर आजी गोष्ट थांबवते आणि विचारते, ‘झोपलास का रे?’ सांगणारा, ऐकणारा आणि लिहून घेणारा हे तिघं एका जागी बसले की काय घडतं, याची एक अगदी वेगळ्या मुलखातली हकीकत आज सांगायची आहे. ती संगणकाच्या इतिहासातली आहे. मी कवितेचा माणूस. पण ही हकीकत समजून घेताना मला सारखं नेवासं आठवत राहिलं.

छपाई आली आणि हे तिघं एकमेकांपासून लांब गेले. १८४२ साली आपल्या नगरमधून ‘ज्ञानोदय’ निघू लागलं. त्या काळच्या छापखान्यात लेखक हस्तलिखित देणार, जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवणार, मग शाईचं प्रूफ निघणार, ते लेखकाकडे जाणार, दुरुस्त्या होऊन परत येणार. लिहिणं आणि त्याचा परिणाम दिसणं यांत दिवसांचं अंतर. चूक एका काना-मात्रेची असली तरी फेरी पूर्ण करावीच लागे.

१९५० च्या दशकातला संगणक असाच होता. प्रोग्राम म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचना. त्या जाड कागदाच्या पत्त्यांवर भोकं पाडून लिहायच्या, पत्त्यांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. उत्तर कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला असेल तर उत्तराच्या जागी फक्त ‘चूक’ एवढाच निरोप, आणि पुन्हा रांग.

अशा काळात १९५८ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी या गणितज्ञानं एक नवी संगणक-भाषा कल्पिली. तिचं नाव लिस्प. लिस्ट, म्हणजे यादी, या शब्दावरून ते नाव आलं. या भाषेत सगळं काही कंसात मांडलेल्या यादीच्या रूपात असतं. दोन आणि तीन यांची बेरीज हवी तर कंस उघडायचा, आधी अधिकचं चिन्ह, मग दोन, मग तीन, आणि कंस बंद. यादीच्या पोटात यादी, तिच्या पोटात आणखी यादी. गंमत अशी, की ज्या माहितीवर काम करायचं ती यादी, आणि काम कसं करायचं हे सांगणारा प्रोग्राम तोही यादीच. म्हणून लिस्पचा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येतो, बदलता येतो, नवा रचताही येतो.

मॅकार्थींनी १९६० च्या निबंधात लिस्पचं कोणतंही वाक्य घेऊन त्याचा अर्थ लावणारं एक सूत्र खुद्द लिस्पमध्येच मांडलं होतं. त्यांच्या मते ती कागदावरची तात्त्विक मांडणी होती. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाले, हे यंत्रावर चालवता येईल. मॅकार्थींना ते पटेना. रसेलनी ते सूत्र आयबीएम ७०४ या यंत्रावर हातानं उतरवून चालवून दाखवलं. तत्त्व म्हणून लिहिलेलं पान ऐकू लागलं.

पुढे एकाच संगणकावर अनेकांनी एका वेळी काम करण्याची सोय झाली. तिचा पाठपुरावा करणाऱ्यांत मॅकार्थीही होते. आता टंकयंत्रासारख्या यंत्रासमोर बसून लिस्पशी थेट बोलता येऊ लागलं. पीडीपी-१ या छोट्या यंत्रावर पीटर डॉइच या तेव्हा विशीही न गाठलेल्या मुलानं असा बोलका लिस्प रचला. त्याचा अहवाल १९६४ साली निघाला. याची रीत साधी होती. यंत्र तुमचं एक वाक्य वाचतं, त्याचा अर्थ लावतं, उत्तर छापतं आणि पुढच्या वाक्याची वाट बघतं. वाचा, अर्थ लावा, छापा, पुन्हा वाचा. हा त्या यंत्राचा हुंकार.

सांगणारा आला, ऐकणारा आला. लिहून घेणारा मात्र अजून बाजूच्या खोलीत होता. यंत्राशी बोलताना जे टंकलं त्याला उत्तर मिळे, पण ते बोलणं तिथंच विरून जाई. टिकणारा मजकूर लिहायचा तर तो वेगळ्या प्रोग्राममध्ये. या लिहिण्या-खोडण्याच्या प्रोग्रामला संगणकवाले एडिटर म्हणतात. वर्तमानपत्राच्या कचेरीतला एडिटर तो नव्हे. हा नुसता लेखनिक. त्यात मजकूर दुरुस्त करायचा, जपून ठेवायचा, बाहेर यायचं, लिस्प उघडायचा, सगळा मजकूर पुन्हा वाचायला लावायचा. छापखान्याची ती जुनी फेरी, फक्त थोडी छोटी.

पुढची सगळी हकीकत हे अंतर मिटवण्याची आहे, आणि त्यात दोन पंथ पडले. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा इंटरलिस्पचा पंथ म्हणाला, लेखनिकाला वेगळं बसवायचंच कशाला? श्रोत्याच्या मनातच दुरुस्ती करा. त्यांचा एडिटर यंत्राच्या स्मृतीतल्या जिवंत यादीलाच हात घालायचा. कागदावरचा मजकूर नंतर त्या यादीवरून काढून घ्यायचा. पूर्वेकडच्या एमआयटीचा पंथ म्हणाला, खरं ते पानावरचं. माणूस पानावर लिहील, आणि तिथून जेवढं हवं तेवढं श्रोत्याला ऐकवील.

हा वाद वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्यात एक खोल प्रश्न आहे. प्रोग्राम लिहिणारा माणूस मधूनमधून आपल्यासारख्या माणसांसाठी टिपा लिहितो. ‘हे असं का केलं’, ‘इथं सांभाळा’, ‘ही सोय तात्पुरती आहे’. एमआयटीच्या रीतीत लिस्प वाचताना या टिपा सोडून देतो. त्या यंत्राच्या कामाच्या नसतात, म्हणून त्याच्या स्मृतीत जातच नाहीत. म्हणजे काय करायचं हे यंत्राला ठाऊक असतं. का करायचं हे फक्त पानाला. पान गेलं की कारण गेलं. पुढे पानाचा पंथच टिकला.

त्या पंथाचा लेखनिक १९७६ साली तयार झाला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी टेको नावाच्या जुन्या एडिटरवर बसवलेली निरनिराळ्या लोकांची सोयीची तंत्रं एकत्र केली, आणि त्या संचाला ईमॅक्स हे नाव पडलं. त्याला एमआयटीतल्या लिस्पशी जोडणारा लेडिट नावाचा दुवा होता. एडिटरमध्ये दुरुस्त केलेला तेवढाच तुकडा लिस्पकडे धाडायचा आणि पुन्हा परत यायचं. सगळी पोथी पुन्हा वाचून दाखवायची गरज उरली नाही.

त्यानंतर याच मंडळींनी एक पाऊल पुढे टाकलं. मुळापासून लिस्पवरच चालणारं यंत्र बांधलं. त्यात एडिटरही लिस्पमध्येच लिहिलेला, आणि एकाच स्मृतीत श्रोत्याच्या शेजारी बसलेला. अशी यंत्रं विकायला सिम्बॉलिक्स नावाची कंपनी निघाली. आज आपण ज्याला ‘डॉट कॉम’ म्हणतो त्यातलं पहिलं नोंदवलेलं नाव, १५ मार्च १९८५ चं, याच कंपनीचं. पण यंत्रं फार महाग. साधे संगणक वेगवान होत गेले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस या यंत्रांचा बाजार बसला.

यंत्रं गेली, पण त्या एकत्र बसण्याची चटक लागलेली माणसं राहिली. स्टॉलमननी १९८४ साली ईमॅक्स नव्यानं लिहायला घेतलं आणि १९८५ साली ते सर्वांना खुलं केलं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं, वाटावं. या नव्या ईमॅक्सच्या पोटातही एक छोटा लिस्प होता. मोठ्या लिस्पशी बोलायची सोय त्यात होती. तिचं नाव ‘इन्फिरिअर लिस्प’. इन्फिरिअर म्हणजे इथं हलका नव्हे, हाताखालचा. पण हा दुवा कच्चा होता. लेखनिक श्रोत्याला मजकूर देई आणि श्रोता जे बोले ते तसंच पानावर उतरवी. ते बोलणं उत्तर आहे, तक्रार आहे की प्रश्न आहे, हे लेखनिकाला कळत नसे.

ते कळू लागलं २००३ साली. एरिक मार्सडेन यांनी सुरू केलेलं काम ल्यूक गोरी आणि हेल्मुट एलर यांनी पुढे नेलं आणि स्लाइम नावाचा दुवा तयार झाला. नावातला पहिला शब्द ‘सुपीरिअर’. जुन्या ‘इन्फिरिअर’ला मारलेली ती कोपरखळी. यात लिस्पच्या बाजूला स्वँक नावाचा एक दुभाषा बसतो आणि ४००५ क्रमांकाच्या दारावर कान लावून असतो. ईमॅक्स त्या दारातून निरोप धाडतं. प्रत्येक निरोपाच्या आधी त्याची लांबी सांगणारी सहा अक्षरं, आणि निरोप स्वतः एक कंसातली यादी. म्हणजे दोघांमधली बोलीसुद्धा लिस्पच. दार जाळ्यावरचं असल्यामुळे लेखनिक एका गावात आणि श्रोता दुसऱ्या गावात असला तरी चालतं.

हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते मला माझ्या भाच्यानं दाखवलं. पडद्याचे दोन भाग. वर पान, खाली श्रोता. मला रस वाटावा म्हणून त्यानं अक्षरं मोजणारा प्रोग्राम घेतला आणि ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द दिला. उत्तर आलं, १०. कवितेच्या हिशेबानं या शब्दात चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, र. संगणक मात्र सुटे घटक मोजत होता. सहा व्यंजनं, दोन स्वरचिन्हं आणि जोडाक्षरांमधले दोन हलन्त, एकूण दहा. भाच्यानं पानावर एक ओळ वाढवली, स्वरचिन्हं मोजू नकोस. एक कळ दाबली. बाकी काही बंद नाही, काही पुन्हा सुरू नाही. तोच शब्द पुन्हा विचारला. ८. मग आणखी एक ओळ. हलन्त मोजू नकोस आणि त्याच्या आधीचं व्यंजनही मोजू नकोस. कळ. ४.

‘मामू, चार बरोबर ना?’ त्यानं विचारलं.

मग त्यानं मुद्दाम शब्दाऐवजी नुसता आकडा दिला. मला वाटलं, आता सगळं बंद पडणार. तसं झालं नाही. काम जिथं अडलं तिथंच थांबलं, आणि एक खिडकी उघडून यंत्रानं सांगितलं, मला शब्द हवा होता, आकडा मिळाला. कुठून कुठून आलो त्याचा माग हा असा. आता पुन्हा करून बघू की सोडून देऊ? इतर अनेक ठिकाणी चूक झाली की प्रोग्राम मरतो आणि मग शवविच्छेदन करून कारण शोधायचं. इथं माणूस आजारी पडतो तेवढंच. नाडी हातात असताना विचारता येतं, ‘कुठं दुखतंय?’

या विचारता येण्याची मोठी परीक्षा १९९९ साली झाली. नासाचं डीप स्पेस वन हे यान २४ ऑक्टोबर १९९८ रोजी निघालं होतं. त्यावर स्वतःचे निर्णय स्वतः घेणारा, लिस्पमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम होता. मे १९९९ मध्ये, पृथ्वीपासून सुमारे १० कोटी किलोमीटरवर असताना, यान त्याच्या हवाली केलं. दुसऱ्याच दिवशी तो अडकला. पण यानावरचा लिस्प जिवंत होता आणि पृथ्वीवरून त्याला प्रश्न विचारता येत होते. विचारता विचारता कळलं, की दोन कामं एकमेकांची वाट बघत थांबली आहेत. ‘पहले आप’ म्हणत राहिलेल्या लखनवी पाहुण्यांसारखी. त्याच आठवड्यात प्रयोग पुन्हा सुरू केला आणि उरलेली उद्दिष्टं पूर्ण झाली.

या सगळ्याचा मराठीशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे. ईमॅक्स खुलं होतं आणि त्याचा बराचसा भाग लिस्पमध्ये होता, म्हणून ज्याला जी भाषा हवी तिची सोय त्याला करता आली. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या संशोधकांनी बहुभाषिक लेखनाचं काम केलं. ते १९९७ साली ईमॅक्सच्या विसाव्या आवृत्तीत आलं आणि त्याबरोबर देवनागरीही आली. इंग्रजी कळा दाबल्यावर पानावर क, का, कि उमटतात, ते लिस्पमध्ये लिहिलेल्या नियमांमुळे. नियम पटला नाही तर तो उघडून बदलता येतो. आपल्याकडे तेव्हा याच्या उलट चाललं होतं. प्रत्येक फाँटची आतली सांकेतिक लिपी निराळी. त्या काळात डीटीपी केलेल्या कितीतरी पुस्तकांच्या फायली आज तो फाँट नसेल तर निव्वळ खुणांचं जंगल वाटतात. मजकूर आपला, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात. २०१२ साली ईमॅक्सच्या चोविसाव्या आवृत्तीत उजवीकडून डावीकडे लिहायची सोयही आली. ज्यांच्या घरात पत्र उर्दूत आणि कविता मराठीत लिहिली जाते, त्यांना एकाच पानावर दोन्ही दिशांनी लिहिता येण्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता या बैठकीची किंमतही सांगितली पाहिजे. श्रोता जिवंत असतो, म्हणजे त्याला सगळं आठवत असतं. सकाळी मी त्याला एक सूत्र शिकवलं आणि दुपारी ते पानावरून खोडून टाकलं. पानावर ते नाही, पण श्रोत्याच्या मनात आहे, आणि इतर सूत्रं त्याच्या भरवशावर बिनघोर चालली आहेत. संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत. रात्री वीज जाते. सकाळी पानावरून सगळं पुन्हा उभं करायला जावं तर ते उभंच राहत नाही. काल जे डोळ्यांदेखत चालत होतं त्याचा एक खांब कुठंच लिहिलेला नव्हता. उलटही घडतं. पानावर दुरुस्ती केली, पण श्रोत्याला ऐकवायची राहिली. पान एक सांगतंय आणि उत्तर जुन्याच समजुतीनं येतंय. दुवा जितका सहज, तितका हा घोळ नकळत होतो.

बोलण्याची आणि पोथीची ही फारकत आपल्याला नवी नाही. नेवाशाच्या त्या निरूपणानंतर जवळजवळ तीनशे वर्षं ज्ञानेश्वरी मठामठांतून सांगितली गेली, नकलून घेतली गेली. सांगणाऱ्याच्या तोंडातलं काही पोथीत शिरलं, पोथीतलं काही गळलं. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत असं बजावलं. सांगणं जिवंत राहावं म्हणून लिहिलेलं नक्की असावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. कीर्तनकाराला मोकळीक आहे ती संहिता जागेवर आहे म्हणून.

मागाहून हीच कल्पना लिस्पच्या बाहेर पसरली. २०१६ साली मायक्रोसॉफ्टनं एडिटर आणि भाषा जाणणारा प्रोग्राम यांच्यात निरोपांची एक सामाईक बोली ठरवली. आज निरनिराळ्या भाषांत काम करणारी नगर-पुण्याची मुलं एडिटरमध्ये लिहिता लिहिता चुकीखाली लाल रेघ बघतात, ती बहुधा अशाच निरोपातून आलेली असते. मात्र लाल रेघ ही पान वाचून दिलेली सूचना आहे. चालू असलेल्या कामाला थांबवून ‘आत्ता तुझ्या मनात काय आहे’ असं विचारणं ही वेगळी गोष्ट, आणि ती अजूनही लिस्पवाल्यांना फार जवळची वाटते.

भाच्याला मी विचारलं, मग घोळ टाळायला तुम्ही करता काय? तो म्हणाला, जाणती माणसं दिवसातून एकदा तरी श्रोत्याला निरोप देतात. लिस्प पूर्ण बंद करायचा. सगळी स्मृती पुसायची. मग नवा, कोरा श्रोता बसवायचा आणि पानावर आहे तेवढंच त्याला पहिल्यापासून ऐकवायचं. त्याला सगळं कळलं, तर दिवसाचं काम खऱ्या अर्थानं लिहून झालं. नाही कळलं, तर जे राहिलं ते झोपण्यापूर्वी पानावर आणायचं, आणि शेजारी एक टीप लिहायची, हे असं का केलं.